डिजिटल फोटोग्राफीच्या पेपरला मार्क कसे मिळतात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर सत्राच्या सुरुवातीला हेच प्रश्न येतात, आणि निकालाच्या दिवशी तेच जरा वरच्या पट्टीत येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे हा ४ क्रेडिटचा पेपर आहे: २ थिअरीची, २ प्रॅक्टिकलची. थिअरीच्या क्रेडिटला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला ३०, म्हणजे सत्रभरात ९० तास आपण एकमेकांच्या समोर असणार आहोत. तेवढ्यात हे सगळं बोलून होईलच, पण पालकांनाही वाचता यावं म्हणून इथे.

सर, फोटो चांगला की वाईट हे शेवटी आवडीवर असतं ना? मग मार्क कशाचे देता?

आवडीवर असतं, म्हणूनच आवडीला मार्क नाहीत. मला सूर्यास्ताचे फोटो बघवत नाहीत, तरी सूर्यास्ताला दहापैकी नऊ दिलेले आहेत.

मार्क मिळतात ते तुम्ही घेतलेल्या निर्णयांना. कुठे उभे राहिलात, उजेड कोणत्या बाजूने घेतलात, शटर किती वेळ उघडं ठेवलंत आणि का, चौकटीबाहेर काय टाकलंत, आणि साठ फ्रेममधून नेमकी हीच का उचललीत. या गोष्टी तपासता येतात, त्यावर बोलता येतं, आणि मुख्य म्हणजे शिकवता येतात. एखादा अफलातून फोटो कुणालाही लागतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधीकधी. तो फोटो घरी फ्रेम करून लावा, मनापासून सांगतो. पण पुढच्या आठवड्यात तसा दुसरा काढून दाखवता येतो का, यावरून मला तुम्ही काय शिकलात ते कळतं.

विभागणी कशी आहे?

अंतर्गत ४०, सत्राअखेर ६०. अंतर्गतमध्ये तंत्राचे चार सराव (प्रत्येकी ५), ‘एक जागा, तीन भेटी’ हा प्रकल्प १०, जर्नल १०. सत्राअखेर दहा फोटोंचा पोर्टफोलिओ ३०, प्रॅक्टिकल २०, तोंडी १०. अंतर्गत आणि सत्राअखेर दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. पोर्टफोलिओवर सगळी मदार ठेवून सराव बुडवणारे दरवर्षी दोघे-तिघे असतात आणि केटी घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा भेटतात.

सगळ्या फ्रेम का मागता? चांगले दहा दिले की झालं ना?

या पेपरचं सगळं मर्म याच प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर.

‘एक जागा, तीन भेटी’मध्ये एका मुलीने बसस्थानकाबाहेरची चहाची टपरी घेतली होती. तिने निवडून दिलेला फोटो असा: चहा गाळणारा हात, वर चढणारी वाफ, मागे काळोख. फोकस हातावर हवा होता, तो जरासा मागच्या बिस्किटांच्या बरणीवर गेलेला. नुसता तो फोटो समोर ठेवला असता तर कुणीही ‘बरा आहे’ म्हणून पान उलटलं असतं.

मग कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे काढलेल्या सगळ्या फ्रेम क्रमाने छोट्या दाखवणारं पान, उघडली. पहिल्या भेटीतल्या ११ फ्रेम समोरून, फ्लॅश मारून. पातेलं चकचकीत, काकांचे डोळे मिटलेले, वाफ गायब. जर्नलात त्या दिवशीची एकच ओळ: ‘वाफ डोळ्याला दिसते, फोटोत येत नाही. का?’ दुसऱ्या भेटीत फ्लॅश बंद, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६००. वाफ आली पण फिकी, कारण तिच्या मागे पांढरी भिंत होती. पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं? सव्विसाव्या फ्रेमला ती टपरीच्या बाजूने फळीच्या आत सरकली. आता बल्ब वाफेच्या मागे तिरका आला आणि पार्श्वभूमीला रस्त्यावरचा अंधार. वाफ एकदम पेटल्यासारखी उजळली. तिसऱ्या भेटीत ती इकडेतिकडे न बघता थेट त्याच जागी जाऊन उभी राहिलेली दिसते, एक्स्पोजर एका स्टॉपने उतरवून, म्हणजे फोटोतला उजेड निम्मा करून.

तिला दहापैकी आठ दिले. एक मार्क फोकसचा गेला आणि एक तिसऱ्या भेटीत काकांशी बोलून त्यांचा हात जरा थांबवून घेता आला असता त्याचा.

त्याच बॅचमध्ये एकाने देवळातल्या दीपमाळेचा सुरेख, टोकदार फोटो दिला होता. रेषा सरळ, आकाश निळंशार. कॉन्टॅक्ट शीटमध्ये फ्रेम तीन, तिन्ही एकाच जागेवरून, एकाच मिनिटात, ऑटोवर. दुसरी आणि तिसरी भेट झालीच नव्हती. त्याला पाच. ‘पण सर, माझा फोटो जास्त छान आहे’ असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

तर फसलेल्या फ्रेम डिलीट करू नका. तुमचं शिक्षण तिथेच साठलेलं असतं.

माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइलच आहे. मार्क कापणार का?

नाही. पण मोबाइलवर काही सराव होतच नाहीत, हे आधीच समजून घ्या.

बहुतेक मोबाइलच्या मुख्य लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, कायम असतं, ते लहानमोठं करता येत नाही. त्यामुळे ‘खोली’चा सराव, म्हणजे ओळीत मांडलेल्या सात पणत्यांपैकी आधी एक आणि मग सगळ्या टोकदार दाखवणं, कॉलेजच्या कॅमेऱ्यावर करायचा. कॅमेरे वहीत नाव टाकून दोन तासांसाठी मिळतात. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर होतं ते सॉफ्टवेअरने केलेलं असतं. कानाची कड, मोकळे केस, चष्म्याची दांडी इथे त्याची चोरी पकडली जाते. गंमत म्हणून करा, सरावात धरणार नाही.

बाकी उजेड, क्षण, चौकट, कोन या सगळ्यांसाठी मोबाइल पुरतो. प्रो मोड असेल तर रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल ठेवा. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा नंतर उजळायला गेलात की हा फरक कागदावरचा राहत नाही, डोळ्यांना दिसतो.

पालकांना एक विनंती: या पेपरसाठी लाखभराचा कॅमेरा हप्त्यावर घेऊ नका. ज्यांच्या हातात महाग कॅमेरा असतो त्यांच्या पहिल्या सरावाचे मार्क मला आजवर इतरांपेक्षा वेगळे दिसलेले नाहीत.

‘काळी म्हैस, पांढरा बगळा’ हा सराव नेमका काय?

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं जग मध्यम करडं आहे असं धरून चालतो. जुन्या पुस्तकांत याला १८ टक्के करडा म्हणतात. चौकटभर म्हैस घेतली की मीटरला वाटतं फार अंधार आहे, तो एक्स्पोजर वाढवतो आणि म्हैस राखाडी होते. चौकटभर बगळा घेतला की उलटं: मीटर घाबरून एक्स्पोजर उतरवतो आणि बगळा धुळीत लोळल्यासारखा दिसतो. म्हशीसाठी एक्स्पोजर उणे करायचं, बगळ्यासाठी अधिक. ऐकायला उलटं वाटतं, म्हणूनच करून बघायचं.

सरावात तीन फोटो द्यायचे: काळं, पांढरं आणि दोन्ही एकत्र. म्हैस मिळाली नाही तर काळी छत्री आणि पांढरा सदरा चालेल. हिंजवडीत राहणाऱ्या एकीने काळी मोटरसायकल आणि तिच्यावर वाळत घातलेला पांढरा टॉवेल आणला होता, पूर्ण पाच मिळाले. तिसऱ्या फोटोत पिसांचा (किंवा टॉवेलचा) पोत राखायचा. पांढरं एकदा पूर्ण जळलं की रॉमध्येसुद्धा परत येत नाही. काळ्यातून मात्र बरंच काढता येतं. सोबत तिन्हींचे हिस्टोग्राम जोडा, म्हणजे फोटोत डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारे आलेख. हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटला असेल आणि खाली त्याबद्दल अवाक्षर नसेल, तर मार्क तिथे जातात. चुकलंय हे लिहिलं असेल तर निम्मे परत.

ऑटोवर काढले तर चालतात का?

पोर्टफोलिओत चालतात. तंत्राच्या सरावात नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तर?

फोटो म्हणून पाठवलात की तो दाबला जातो आणि एक्झिफ, म्हणजे शटर-अ‍ॅपर्चर-आयएसओ-वेळेची नोंद, पुसली जाते. मग माझ्याकडे फक्त चित्र उरतं. ड्राइव्हवर मूळ फाइल टाका. अगदीच अडलं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जर्नलात काय लिहायचं?

छापील वाक्यं नकोत. ‘आज मी फोटोग्राफीसाठी गेलो. खूप मजा आली. बरंच शिकायला मिळालं.’ याला शून्य. ‘१/३० सेकंदाला रिक्षा पुसट आली, १/२५० ला उभी असल्यासारखी. १/६० ला कॅमेरा तिच्यासोबत फिरवला तेव्हा रिक्षा टोकदार, मागची दुकानं वाहून गेली. नऊपैकी दोनच जमल्या, कारण मी बटण दाबताच कॅमेरा थांबवतोय, नंतरपर्यंत फिरवत राहायला हवं होतं का?’ याला पूर्ण मार्क. अक्षर, शुद्धलेखन, वहीला कव्हर यांना मार्क नाहीत. मराठी, हिंदी, इंग्रजी, सरमिसळ, काहीही चालेल.

आदल्या रात्री एकाच पेनाने चौदा आठवड्यांचं जर्नल लिहिलेलं ओळखू येतं. आम्हीही तेच करून पास झालोत.

एडिटिंग किती चालतं?

पोर्टफोलिओत दोन विभाग आहेत. ‘नोंद’ या विभागात रस्ता, माणसं, प्रसंग. तिथे क्रॉप, उजेड, कॉन्ट्रास्ट, व्हाइट बॅलन्स आणि सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके एवढंच. विजेची तार, कचऱ्याचा डबा, मध्येच आलेला माणूस काढायचा नाही. नको असेल तर दोन पावलं सरका, तेच तर शिकतोय. ‘रचना’ या विभागात काय हवं ते करा, फक्त केलेलं लिहा आणि मूळ फाइल सोबत द्या. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धांतही शेवटच्या फेऱ्यांत मूळ फाइल मागतात, तेव्हा हा माझा छळवाद समजू नका.

एआयने केलेला फोटो दिला तर?

‘नोंद’मध्ये दिला आणि सापडला तर त्या घटकाला शून्य. ‘रचना’मध्ये एआयची मदत घेतली असेल तर सांगून घ्या, पण त्यातला तुम्ही टिपलेला भाग कोणता, हे तोंडी परीक्षेत दाखवावं लागेल.

‘ओळखणार कसं?’ हा पुढचा प्रश्न. नुसतं बघून ओळखता येतं असा माझा दावा नाही. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराच्या चित्राला एका गटात बक्षीस मिळालं आणि ते एआयने केलेलं आहे असं सांगून त्यानेच ते नाकारलं. पुढच्या वर्षी बरोबर उलटं झालं. माइल्स अ‍ॅस्ट्रेने एका स्पर्धेच्या एआय गटात खरा काढलेला फ्लेमिंगोचा फोटो घुसवला, त्याला बक्षीस मिळालं आणि नंतर ‘हा तर खरा आहे’ म्हणून बाद झाला. मान पोटाशी घातलेला बिनमुंडक्याचा दिसणारा तो पक्षी परीक्षकांना खरा वाटला नाही. ठाण्याच्या खाडीवर हिवाळ्यात एक सकाळ घालवलेल्या कुणालाही वाटला असता.

म्हणून मी चित्राकडे बघून निकाल देत नाही, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम मागतो. टपरीच्या त्या ५० फ्रेम खोट्या बनवण्यापेक्षा टपरीवर जाणं सोपं आहे, आणि तिथे चहाही मिळतो.

वारीचे फोटो चालतील ना?

चालतील. पण गेल्या काही वर्षांत रिंगणातला उडता अश्व, दिवे घाटातली वळणावळणाची रांग आणि तुळस डोक्यावर घेतलेल्या आजी हे तीन फोटो मी इतक्यांदा पाहिलेत की आता डोळे मिटून त्यांचं एक्झिफ सांगेन. तेच काढलेत तर मार्क कापत नाही, मात्र तुमचा निर्णय त्यात शोधावा लागतो आणि बहुतेकदा सापडत नाही. मागे एकाने फक्त मुक्कामावरच्या चपला काढल्या होत्या. झिजलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या, नाव लिहिलेल्या. पावसात भिजून सुकायला ठेवलेल्या. पुढचं काही सांगायला नको.

अनोळखी माणसांचे फोटो काढायला परवानगी लागते का?

आमच्या पेपरपुरता नियम असा: चेहरा हाच विषय असेल तर विचारा, आधी जमलं नाही तर नंतर दाखवा, ‘नको’ म्हणाले तर समोरच पुसा. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. दवाखाना आणि स्मशान पूर्ण बंद. सिग्नलवर भीक मागणाऱ्यांचे ‘करुण’ फोटो काळेपांढरे करून आणलेत तर तोंडी परीक्षेत मी पहिला प्रश्न त्यांचं नाव काय हा विचारतो.

मी लग्नाच्या ऑर्डर घेतो. ते फोटो पोर्टफोलिओत टाकू?

काम करता याचं कौतुक आहे, पण दोन गोष्टी बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. मात्र पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे वधूवरांची संमती आणा. दुसरं, त्या लग्नात तुम्ही तिघे होता आणि फाइली एकाच कार्डात पडल्या असतील तर तुमच्या कोणत्या हे स्पष्ट हवं. दुसऱ्याने काढलेला फोटो आपल्या नावावर लावायचा नाही. होमाई व्यारावाला आज भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या बाईंचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. तेव्हा नाव कुणाचं हा क्षुल्लक प्रश्न नाही.

इन्स्टाग्रामवर मला इतके फॉलोअर आहेत, तरी सरावात पाचपैकी दोन?

हो.

तोंडी परीक्षेत काय विचारता?

तुमच्याच फोटोंवर विचारतो, पाठांतरावर नाही. एक नमुना. ‘इथे एफ/२.८ ला १/५०० आहे. सगळी रांग टोकदार हवी म्हणून एफ/११ केलं, आयएसओ तोच. शटर किती?’ एफचा आकडा वाढला की भोक लहान होतं. २.८, ४, ५.६, ८, ११: चार स्टॉप खाली, उजेड सोळापटीने कमी, म्हणजे साधारण १/३०. इथवर बरेच जण येतात. मग मी विचारतो, ‘लेन्स ८५ मिमीची होती आणि कॅमेरा हातात. मग?’ जो ‘हात हलेल सर, आयएसओ वाढवावा लागेल, म्हणजे नॉइज (फोटोत दाणे) येईल, त्यापेक्षा मी दोन पावलं मागे जाऊन एफ/५.६ वर भागवेन’ असं म्हणतो, त्याला मी पुढचं काही विचारत नाही. आकडा चुकला पण विचार बरोबर असला तरी बरेचसे मार्क मिळतात. घाबरून गप्प बसू नका. बाहेरून आलेले परीक्षकही माणसंच असतात, त्यांनाही जेवायची घाई असते.

दोन शिक्षकांनी तपासलं तर मार्क वेगळे येणार नाहीत का?

येतात. म्हणून तपासणीच्या आधी आम्ही दोघे मागच्या वर्षीचे पाच पोर्टफोलिओ स्वतंत्रपणे तपासतो आणि मग समोरासमोर बसतो. तिसात चारपेक्षा जास्त फरक पडला की कारण सांगायचं. बहुतेक वेळा असं निघतं की मी तंत्रावर अडलोय आणि मॅडम विषयावर, किंवा उलट. तासाभरात सूर जुळतो. पूर्ण कधीच जुळत नाही, आणि सात-आठ मिनिटं आवाजही चढतात.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. एका वर्षी पोर्टफोलिओ घरी, रात्री, लॅपटॉपवर तपासले. बॅटरी वाचवायला पडद्याचा उजेड निम्म्यावर होता. एका मुलाचे पहाटेच्या भाजी मंडईचे फोटो मला काळेकुट्ट दिसले. ‘अंडरएक्स्पोज’ असा शेरा मारून सहा मार्क कापले. तो भांडला नाही. शांतपणे हिस्टोग्राम छापून घेऊन आला आणि सोबत एक प्रिंट. प्रिंटमध्ये पोत्यांची वीण, हमालाच्या मानेवरचा घाम, कोथिंबिरीवरचं पाणी, सगळं होतं. मार्क दुरुस्त केले, शेराही खोडला. तेव्हापासून तपासणी फक्त लॅबमधल्या कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवर होते, आणि दहापैकी चार फोटोंची प्रिंट सक्तीची आहे. आठ बाय बाराची, मॅट. खर्च वाटतो खरा, पण चार मुलांनी मिळून दिली तर लॅबवाले कमी करतात.

मार्क पटले नाहीत तर?

निकालानंतर आठ दिवसांत या. ‘वाढवा ना सर’ याला उत्तर नाही. कॉन्टॅक्ट शीटवर बोट ठेवून ‘हे तुमच्या नजरेतून सुटलं’ असं म्हणालात तर मी खुर्ची पुढे ओढून बसतो.

प्रॅक्टिकलच्या दिवशी पाऊस आला तर?

पावसातच होईल. प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड आणा. परीक्षा झाली की कॅमेरा ओल्या बॅगेत कोंडू नका, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते आणि कॉलेजच्या कपाटात तशा दोन लेन्स पडून आहेत. सिलिका जेल लॅबमध्ये मिळेल.

फाइली कशा द्यायच्या?

फोल्डरला रोल नंबर. आत चार फोल्डर: सराव, तीन भेटी, नोंद, रचना. प्रत्येकात निवडलेले फोटो वेगळे आणि सगळ्या फ्रेम वेगळ्या. फाइलींची मूळ नावं बदलू नका, क्रम तुटला की मधल्या फ्रेम गेल्या कुठे हे विचारावं लागतं. दोन ठिकाणी प्रत ठेवा. ‘सर, कार्ड फॉरमॅट झालं’ हे कारण वर्षाला एकदाच चालतं, आणि यंदाचं एकजण ऑगस्टमध्येच वापरून बसलाय.